आईबाबांच्या खोलीला कडी आहे का? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात पाळी गेल्यानंतरच्या शरीराबद्दल लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले बरेचसे साठीच्या पुढच्या लोकांचे आहेत. आणि जवळजवळ सगळ्यांनी सुरुवातीलाच माफी मागितलीये. "या वयात असलं विचारतोय, राग मानू नका", "हे पत्र वाचून फाडून टाका". कृपा करून माफी मागू नका. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या अशाच प्रश्नांना सरळ उत्तरं देत होते, त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला चालला आणि त्यांची बाजू मांडायला कोर्टात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोकांना आपल्या शरीराबद्दल विचारता यावं म्हणून मराठीत एवढं सगळं होऊन गेलंय, तर तुम्ही अगदी हक्काने विचारा. नावं आणि गावं काढून टाकलीत, काही पत्रं थोडी कमी केलीत.

प्रश्न : डॉक्टरताई, माझं वय ६३, मिस्टर ६९. ह्यांना बारा वर्षं शुगर आहे, मला पाच. पाळी ४७ ला गेली आणि त्यानंतर संबंध आला की इतकी आग व्हायची की डोळ्यांतून पाणी यायचं, म्हणून मी नको म्हणायला लागले. मग नात झाली, तिला घेऊन मी हॉलमध्ये झोपायला लागले त्याला आता आठ वर्षं झाली. हे खूप चिडचिडे झालेत. मलाही वाटतं कोणीतरी जवळ घ्यावं, पण जवळ गेलं की पुढचं सगळं आलंच आणि ते दुखणं नको. मैत्रिणी म्हणतात आता देवाधर्माचं वय आहे. माझंच काही चुकतंय का?

उत्तर : ताई, काहीच चुकलेलं नाही. दुखत होतं म्हणून तुम्ही नको म्हणालात, कोणीही म्हणालं असतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं, त्यामुळे योनीमार्गाची आतली त्वचा पातळ आणि कोरडी होते, तिचा ताण सहन करायचा गुण कमी होतो, लघवीच्या जागी पण तेच होतं म्हणून काही बायकांना सारखी लघवीला जळजळ, सारखं इन्फेक्शन. गरम वाफा आणि घाम बऱ्याच जणींना काही वर्षांत आपोआप कमी होतो, हा कोरडेपणा मात्र आपोआप जात नाही, उपचार नाही केला तर वाढत जातो. आणि उपचार आहेत, हेच बायकांना कोणी सांगत नाही म्हणून मी इथे जरा सविस्तर सांगते.

पहिलं म्हणजे एकदा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन तपासून घ्या. तुम्हाला शुगर आहे, तेव्हा आग ही नुसत्या कोरडेपणाची आहे की बुरशीच्या इन्फेक्शनची ते बघावं लागेल, शुगरच्या काही नव्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात त्यांनी हे इन्फेक्शन जास्त होतं, त्यामुळे चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. कोरडेपणासाठी मेडिकलमध्ये पाण्यात विरघळणारी जेली मिळते, ती त्या वेळेला लावायची, भरपूर लावायची, कंजूषी नको. रोजच्यासाठी वेगळं मॉइश्चरायझर मिळतं. आणि एवढ्याने नाही भागलं तर इस्ट्रोजेनचं क्रीम, अगदी थोडं, आत लावायचं, हे मात्र डॉक्टरच्या चिठ्ठीनेच, आणि छातीचा कॅन्सर होऊन गेला असेल तर त्यांना आधी सांगायचं. फरक पडायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत सोडू नका. आणि हे तुम्हाला एकटीला नाही, वाचणाऱ्या सगळ्याच बायकांना : पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी लाल दिसला तरी "उष्णता झाली असेल" म्हणून घरी बसू नका, त्याच आठवड्यात दाखवा. बहुतेक वेळा साधं कारण निघतं पण गर्भाशयाचा कॅन्सर सुरुवातीला असाच दिसतो.

आता मिस्टरांच्या चिडचिडीबद्दल. बारा वर्षं शुगर असलेल्या पुरुषाला ताठरतेचा त्रास असण्याची शक्यता खूप असते, कारण शुगर नसा आणि रक्तवाहिन्या दोन्ही बिघडवते. तुम्हाला वाटतंय की ते तुमच्या नकारावर चिडलेत, कदाचित ते स्वतःच्या शरीरावर चिडलेत आणि तुम्ही हॉलमध्ये गेलात तेव्हा त्यांना आतून सुटल्यासारखंही वाटलं असेल. माझ्याकडे अशी जोडपी येतात, दोघं आठ-दहा वर्षं एकमेकांपासून आपापलं दुखणं लपवतात आणि दोघांनाही वाटतं की समोरच्याचं माझ्यावरचं मन उडालंय. तेव्हा सांगा त्यांना. "मला तुम्ही नको नव्हता, मला दुखत होतं", एवढंच एक वाक्य, दिवसा चहाच्या वेळेला, अंथरुणात नाही.

आणि नात आता आठ वर्षांची आहे ना, तिला तिच्या आईबाबांकडे झोपू द्या. सुरुवातीचा महिनाभर दोघांनी ठरवून घ्या की नुसतं जवळ झोपायचं, पाठीवरून हात फिरवायचा, बोलायचं, पुढे काही नाही म्हणजे नाही. जवळ गेलं की पुढचं सगळं आलंच ही भीती गेल्याशिवाय शरीर सैल पडत नाही. पुढे कधी संबंध करावासा वाटला तर करा, नाही वाटला तर हातांनी, ओठांनी, नुसत्या मिठीनेही समाधान होतं आणि तेही खरंच असतं, त्याला कमी समजू नका. देवधर्म जरूर करा, त्याचं आणि याचं काही भांडण नाही.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी ७१ वर्षांचा, एसटीतून रिटायर. दोन वर्षांपूर्वी बायपास झाली. पत्नी ६६. आम्हाला अजून इच्छा होते पण मला हृदयाची भीती वाटते. एका मित्राने मेडिकलमधून ती निळी गोळी आणून दिलीये, अजून घेतली नाही. खिशात सॉर्बिट्रेट कायम असते. दुसरं म्हणजे मुलाला आमच्या खोलीतून बोलण्याचा आवाज आला तर सून दुसऱ्या दिवशी कोणाला तरी फोनवर म्हणत होती की यांना म्हातारचळ लागलाय. खूप वाईट वाटलं. खरंच हे म्हातारचळ असतं का?

उत्तर : काका, आधी गोळीचं, कारण त्यात जीवाचा प्रश्न आहे. ती गोळी घेऊ नका, कपाटातून काढून टाका. त्या ताठरतेच्या गोळीत सिल्डेनाफिल असतं आणि सॉर्बिट्रेट हे नायट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध आहे, ही दोन औषधं एकत्र आली की ब्लडप्रेशर इतकं खाली जाऊ शकतं की माणूस दगावतो. नुसतं "आज सॉर्बिट्रेट घेतली नाही" एवढ्याने भागत नाही, कारण संबंधाच्या वेळी छातीत दुखलं तर हात आपोआप खिशाकडे जाणार आणि हॉस्पिटलमध्ये नेलं तर तिथलाही डॉक्टर नायट्रेटच देणार. प्रोस्टेटची गोळी चालू असेल तरी ते डॉक्टरांना वेगळं सांगावं लागतं. आणि शिलाजीत म्हणून, हर्बल पॉवर म्हणून ज्या पुड्या विकतात त्यांच्या भरवशावर पण राहू नका, अशा मालात गुपचूप सिल्डेनाफिल मिसळलेलं तपासण्यांमध्ये सापडलेलं आहे.

तुमच्या कार्डिओलॉजिस्टना सरळ विचारा. बायपासनंतर छातीचं हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, तुम्हाला तर दोन वर्षं झालीत. ढोबळ अंदाज म्हणजे दोन मजले जिने नेहमीपेक्षा जरा भराभर चढून छातीत दुखलं नाही, फार धाप लागली नाही, तर आपल्या रोजच्या जोडीदाराबरोबरच्या संबंधाचे श्रम बहुतेक हृदयं सहन करतात. जेवणावर लगेच नको, दारू घेऊन तर नकोच, हातांवर सगळं वजन येईल असं नको, कुशीवर झोपून करता येतं. छातीत दुखलं, घाम फुटला तर तिथेच थांबायचं आणि पत्नीला सांगायचं, लाजून पूर्ण करायचं नाही. सॉर्बिट्रेट खरंच अजून लागते का हेही कार्डिओलॉजिस्टच सांगतील, काही जणांची बंद करता येते आणि मग गोळीचा विचार करता येतो, पण तो निर्णय त्यांचा, मित्राचा नाही. आणि ताठरतेचा त्रास असेल आणि बीपीची एखादी गोळी त्याला कारण असेल तर ती बदलून मिळते, स्वतःहून बंद करू नका.

आता त्या शब्दाबद्दल. म्हातारचळ, हिरवट, हे शब्द आपण किती सहज वापरतो, आणि बायकांसाठी तर धड शब्दच नाही कारण आजीला इच्छा होत असेल हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. अमेरिकेत ५७ ते ८५ वयाच्या ३००५ लोकांना विचारून केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ५७ ते ६४ मधले ७३ टक्के लोक लैंगिकदृष्ट्या सक्रिय होते, ६५ ते ७४ मधले ५३, आणि ७५ ते ८५ मधलेसुद्धा २६ टक्के, म्हणजे चारात एक. त्याच लोकांमध्ये पन्नाशीनंतर या विषयावर डॉक्टरशी बोललेले पुरुष ३८ टक्के आणि बायका फक्त २२ टक्के. तिथेही लोक गप्पच बसतात, आपल्याकडे तर भिंती पातळ आणि घरं लहान. तुम्ही स्वतःच्या बायकोशी, तिच्या मर्जीने, स्वतःच्या खोलीत बोलत होतात. त्यात कसला चळ? मुलाला एकदा एवढंच सांगा की आमच्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवायची आहे. कारण विचारलं तरी फक्त कडी बसवायची आहे एवढंच म्हणा.

दोन छोटे प्रश्न आहेत, उत्तरंही छोटीच. एका आजोबांचं प्रोस्टेटचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं आणि आता शेवटी वीर्यच येत नाही म्हणून ते घाबरलेत, ताकद निघून गेली असं वाटतंय. आजोबा, या ऑपरेशननंतर वीर्य पुढे न येता मूत्राशयात जातं आणि पुढच्या लघवीबरोबर निघून जातं, हे बऱ्याच जणांना होतं, त्याने शरीराला काही अपाय नाही आणि सुखही राहतं. ऑपरेशनच्या आधी हे सांगायला पाहिजे होतं.

दुसरं पत्र मराठवाड्यातल्या, ऊसतोडीला जाणाऱ्या ५८ वर्षांच्या ताईंचं. ३२ व्या वर्षी पिशवी काढली, नवरा म्हणतो आता तुझ्यात काय राहिलंय. ताई, पिशवी बाळासाठी असते, सुखासाठी नाही. सुखाची जागा बाहेर आहे, ती कोणी काढलेली नाही. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला, सरकारने समिती नेमली, पण त्या बायकांना नंतर घरात काय ऐकावं लागतं ते कुठल्या रिपोर्टात येणार. तुमचे कागद असतील तर अंडाशयपण काढलेत का ते बघून घ्या, काढले असतील तर ३२ व्या वर्षीच पाळी गेल्यासारखं झालं, मग हाडांची तपासणी करून घ्यायलाच हवी.

प्रश्न : मी ६६ वर्षांची, निवृत्त शिक्षिका, मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली. सकाळच्या हास्यक्लबमध्ये एका गृहस्थांशी ओळख झाली, तेही एकटे, वय ७०. आम्हाला एकत्र राहावंसं वाटतं. मुलगा म्हणतो, आई सोबत हवी असेल तर आम्ही आहोत ना. मला त्याला कसं सांगू की मला नुसती सोबत नकोय. त्यांनी हात धरला तेव्हा सहा वर्षांत पहिल्यांदा मला माझा हात आहे असं वाटलं. पण भीती पण वाटते, इतक्या वर्षांनी.

उत्तर : ताई, तुमचं हातावरचं वाक्य मी तीनदा वाचलं. मुलगा आणि सून सोबत देतात, पण मुलगा आईचा हात तसा धरू शकत नाही आणि धरायचाही नसतो, हे त्याला कळत नाही असं नाही, त्याला आईच्या बाबतीत तो विचारच करायचा नाहीये. त्याला सगळं उलगडून सांगायची गरज नाही. "मला सोबत नाही, जोडीदार हवाय" एवढं पुरे.

व्यवहाराचं आधी बघा. तुम्हाला मिस्टरांची फॅमिली पेन्शन मिळत असेल तर पुनर्विवाह केल्यावर ती काही नियमांत बंद होते, तेव्हा पेन्शन ऑफिसला विचारून मगच लग्नाचं ठरवा. तुमची स्वतःच्या नोकरीची पेन्शन मात्र तुमचीच. लग्न न करता एकत्र राहणं बेकायदा नाही, पुण्यात ज्येष्ठांना अशी जोडी जमवायला मदत करणारं मंडळसुद्धा आहे आणि पेन्शन हे तिथे येणाऱ्यांचं एक मोठं कारण असतं. पण लग्नाशिवाय राहिलात तर उद्या ते गेल्यावर त्यांच्या घरात तुम्हाला वारसाहक्क नाही, म्हणून राहण्याची सोय मृत्युपत्रात लिहून घ्या, आणि दोघांनी आपापल्या मुलांच्या वाट्याचंही लिहून टाका. मुलांचा विरोध संस्कारांच्या नावाने असला तरी बऱ्याचदा पोटात फ्लॅटची काळजी असते. ती मिटली की आवाज खाली येतो.

शरीराची भीती. सहा वर्षांच्या खंडानंतर पहिल्या वेळी दुखू शकतं, पहिल्या उत्तरात जे लिहिलंय ते सगळं तुम्हालाही लागू आहे, आणि घाई करू नका. दिवस जायची भीती नाही म्हणून कंडोम नको असं बरेच जण धरून चालतात, पण इन्फेक्शन वय बघत नाही. दोघांनी एचआयव्ही आणि बाकीच्या तपासण्या करून घ्या, एचआयव्हीची सरकारी रुग्णालयात मोफत होते आणि गुप्त ठेवतात. तोवर कंडोम, आणि त्याच्याबरोबर खोबरेल तेल नको, तेलाने रबर फाटतं, जेलीच वापरा. त्यांना तपासणीचं सांगताना अवघड वाटेल, पण सत्तर वर्षांचा समजूतदार माणूस याने दुखावला जायला नको, आणि दुखावला गेला तर ते तुम्हाला एकत्र राहायच्या आधीच कळलेलं बरं.

प्रश्न : ताई, माझे सासरे ७९ वर्षांचे, तीन वर्षांपासून डिमेन्शिया आहे, त्याआधी पार्किन्सन्स. ते आता कोणासमोरही लुंगी सोडतात, आणि त्यांना सांभाळायला येणाऱ्या मावशींचा हात धरून ओढतात, नको ते बोलतात. आयुष्यभर अतिशय सज्जन माणूस. सासूबाई खोलीतून बाहेर येत नाहीत, रडत असतात. नवरा वडलांवर ओरडतो. काय करू?

उत्तर : तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत, असं घरोघरी असतं आणि कोणीच बोलत नाही. हे सासऱ्यांचं खरं रूप बाहेर आलं असं कृपा करून समजू नका. मेंदूचा जो भाग आपल्याला चारचौघांत आवरतो तोच आजाराने खराब झालाय. कधी कधी त्यामागे लैंगिक काही नसतंच. लुंगी सोडतात तेव्हा लघवी लागलीये का, खाज येतेय का, उकडतंय का, लघवीचं इन्फेक्शन आहे का हे बघा. आणि न्यूरोलॉजिस्टना हे शब्द न गाळता सांगा, कारण पार्किन्सन्सच्या काही औषधांनी, प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल वगैरे, काही रुग्णांची लैंगिक इच्छा खूप वाढते. डोस बदलला की फरक पडू शकतो. पण अचानक बंद करू नका.

ओरडून उपयोग नाही, पाच मिनिटांत ते विसरणार, भीती मात्र आत राहणार. शांतपणे "नाही" म्हणायचं, हात सोडवायचा, हातात दुसरं काहीतरी द्यायचं, टॉवेलच्या घड्या घालायला द्या, गाणी लावा. सोपे पडतील असे मागून बांधायचे किंवा इलॅस्टिकचे कपडे बघा.

पण मावशींचं काय? ते आजारी आहेत म्हणून मावशींनी सहन करावं असं अजिबात होत नाही. त्या पोटासाठी येतात. त्यांच्याशी बसून स्पष्ट बोला, माफी मागा, आंघोळ आणि कपडे बदलण्यासाठी पुरुष अटेंडंट लावा, आणि त्यांना हे काम नको असेल तर पूर्ण पगार देऊन जाऊ द्या. सासूबाईंनाही कोणीतरी हे सांगायला हवं की हा आजार आहे, पन्नास वर्षांच्या संसाराचा अपमान नाही. मला वाटतं ते तुम्हीच सांगू शकाल. सासूबाईंना कधी सासऱ्यांचा हात हातात घेऊन बसावंसं वाटलं तर बसू द्या, घरातल्यांनी दारातून बघू नये. आजारी माणसालाही प्रेमाचा स्पर्श लागतो आणि तो मिळाला की काही जण शांत होतात.

प्रश्न : वय ६८, डोंबिवली. पत्नी मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेली, सहा महिने होत आले. आता मुलगी म्हणते व्हिसा वाढवून घेऊ, आईला अजून सहा महिने ठेवते, बाळाला आजीची गरज आहे. मागे मुलाच्या वेळीही अकरा महिने गेली होती. व्हिडिओ कॉलवर सगळे एकदम असतात, आमचं दोघांचं बोलणं होतच नाही. मी काही बोललो तर स्वार्थी ठरेन. रात्री तिच्या उशीवर हात ठेवून झोपतो.

उत्तर : काका, तुम्ही स्वार्थी नाही. आपल्या घरांमध्ये आईबाबांची अंथरुणं शरीराच्या आधी संसारच वेगळी करतो. आधी नातवंडासाठी आजी हॉलमध्ये, मग एका मुलाकडे आई आणि दुसऱ्याकडे बाबा, मग एक डोंबिवलीत आणि एक अमेरिकेत, आणि सगळे प्रेमाने करतात म्हणून कोणाला काही म्हणताही येत नाही. पण विचारलं कोणी तुम्हाला? तुमच्या पत्नीला तरी विचारलंय का की तिला राहायचंय की परत यायचंय?

आधी तिला एकटीला फोन करा, व्हिडिओ नको, नुसता फोन. तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, बाळ झोपलं की तिला फिरायला बाहेर पडायला सांगा, आणि रोज वीस मिनिटं तेवढी वेळ दोघांची ठेवा. उशीचं तिला सांगा, जसं मला लिहिलंत तसंच. तिचं काय म्हणणं आहे ते ऐका, आणि मग मुलीशी बोला. तब्येतीचं कारण पुढे करू नका, गुडघे दुखतात, जेवणाचे हाल होतात असं काही सांगू नका, नाहीतर ती डबा लावून देईल. "मला तुझ्या आईची आठवण येते, मला ती इथे हवीये" असं सांगा. मुलीला ऐकायला चमत्कारिक वाटेल थोडं, वाटू दे. बाळासाठी मदतनीस शोधता येईल, किंवा पुढच्या वेळी दोघांनी मिळून जा आणि जाण्याआधीच विचारा की आम्हा दोघांना झोपायला एक खोली आहे का, आणि तिचं दार लागतं का.